जनुकीय जोखमीचा स्कोअर आणि आपण सोलापूरकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यानानंतर थांबून, व्हॉट्सअॅपवर किंवा थेट लॅबच्या रिपोर्टचा फोटो पाठवून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एकसारखे प्रश्न एकात मिसळले आहेत आणि कुणाची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. पहिले तीन प्रश्न सुरुवातीचे आहेत. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी चौथ्यापासून वाचलं तरी चालेल. एकच विनंती: हे वाचून आपली औषधं स्वतःच्या मनाने बदलू नका.

१. पॉलिजेनिक रिस्क स्कोअर, म्हणजे जनुकीय जोखमीचा स्कोअर, हे नेमकं काय प्रकरण आहे?

माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. शास्त्रज्ञ ज्या नमुना-जीनोमशी (जीनोम म्हणजे संपूर्ण डीएनए) तुलना करतात त्याच्यापेक्षा आपल्यापैकी प्रत्येकाचा डीएनए ४० ते ५० लाख ठिकाणी वेगळा असतो. मधुमेह, हृदयविकार, स्तनांचा कर्करोग अशा आजारांत यातल्या शेकडो-हजारो ठिकाणांचा थोडाथोडा वाटा असतो. मोठ्या संख्येने रुग्ण आणि निरोगी माणसं घेऊन, कुठल्या ठिकाणी कुठलं अक्षर रुग्णांमध्ये जास्त दिसतं हे तपासतात आणि प्रत्येक ठिकाणाला एक वजन देतात. मग तुमच्या डीएनएत त्या ठिकाणी काय आहे ते बघून वजनांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे स्कोअर. गणित शाळकरी आहे. वजनं कुणाला तपासून काढली, इथे खरी मेख आहे.

२. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलची तपासणी आणि हा स्कोअर एकच का?

नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल हे एका जनुकातल्या बिघाडाचे आजार. त्यांची तपासणी 'वाहक आहे' (म्हणजे स्वतः आजारी नसला तरी बिघाड मुलांकडे जाऊ शकतो) किंवा 'नाही' असं स्पष्ट सांगते, आणि लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला ती करून घेणं शहाणपणाचं आहे. स्कोअर फक्त कल सांगतो. तो जास्त असून आजार न होणारे पुष्कळ असतात, आणि कमी असून आजार होणारेही.

मधले काही आजार फसवे असतात. कोलेस्टेरॉल खूप वाढवणारा एक आनुवंशिक प्रकार एका जनुकातून येतो, पण त्याची माणसं 'घराण्यातच हार्टचा त्रास आहे' एवढंच म्हणत फिरतात. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

३. माझा हृदयविकाराचा स्कोअर ९२व्या पर्सेंटाइलला आलाय. म्हणजे मला ९२ टक्के धोका आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा रात्री उशिरा येतो. नाही. ९२वा पर्सेंटाइल म्हणजे ज्या गटाशी तुमची तुलना केली त्यातल्या शंभरांपैकी साधारण ९२ जणांचा स्कोअर तुमच्यापेक्षा कमी आहे. हा रांगेतला नंबर झाला. आजार होण्याची शक्यता वेगळी काढावी लागते. समजा तुमच्या वयाच्या पुरुषांत पुढच्या दहा वर्षांत शंभरातल्या पाच जणांना हृदयविकार होतो आणि तुमचा स्कोअर धोका दुप्पट दाखवतो. तर तुमच्यासारख्या शंभरांतल्या दहांना तो होईल आणि नव्वदांना होणार नाही. 'दुप्पट' ऐकून पोटात गोळा येतो, 'शंभरात दहा' ऐकून विचार करता येतो. म्हणून रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे मागा.

आणि रांग कुणाची होती, हेही विचारा. तुमचा नंबर बेंगळुरूच्या रांगेत ९२ आणि लंडनच्या रांगेत ७० असू शकतो.

४. माणूस सगळीकडे सारखाच ना? मग गोऱ्यांवर केलेला अभ्यास आपल्याला का लागू होत नाही?

आधी आकडे. २००९ साली जगभरातल्या अशा जनुकीय अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६मध्ये ते प्रमाण ८१ टक्क्यांवर आलं, पण ही सुधारणा मुख्यतः पूर्व आशियातल्या अभ्यासांमुळे झाली. २०१९मध्ये एका संशोधकगटाने ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये (लाखो लोकांचा डीएनए आणि आरोग्याच्या नोंदी यांचा साठा) उंची, शरीराचं वजन, रक्तातले घटक अशा १७ गोष्टींसाठी, युरोपीय लोकांवरून काढलेल्या वजनांवर बेतलेले स्कोअर तपासले. युरोपीयांच्या तुलनेत स्कोअरची अचूकता दक्षिण आशियाई लोकांत ३७ टक्क्यांनी, पूर्व आशियाईंत ५० टक्क्यांनी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत ७८ टक्क्यांनी कमी भरली.

कारणं तीन, आणि पहिलं समजलं की निम्मं काम झालं. स्कोअरमधलं ठिकाण हे बहुतेक वेळा आजाराचं खरं कारण नसतं. ते खऱ्या कारणाच्या शेजारचं असतं. डीएनए पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो, त्यामुळे शेजारची अक्षरं एकत्र राहतात आणि शेजाऱ्यावरून कारण ओळखता येतं. आपण पत्ता सांगतो तसंच: "कन्ना चौकात पानटपरीला लागून घर आहे." कन्ना चौकात तो पत्ता बरोबर. तोच पत्ता घेऊन बार्शीत गेलात तर टपरी सापडेल, पण तिच्या शेजारचं घर दुसऱ्याचं. युरोपात जे शेजारी आहेत ते आपल्याकडे शेजारी असतीलच असं नाही. आफ्रिकेत माणसाचा इतिहास सर्वांत जुना, विविधता सर्वांत जास्त आणि हे एकत्र राहणारे तुकडे सर्वांत छोटे. म्हणून तिथे स्कोअर सर्वांत जास्त चुकतो.

दुसरं, काही बदल युरोपात दुर्मीळ आणि आपल्याकडे नेहमीचे असतात. युरोपीय अभ्यासात ते दिसलेच नाहीत तर त्यांना वजन कोण देणार? तिसरं कारण राहणीमानाचं. ते प्रश्न ९मध्ये आहे.

५. म्हणजे आपली जनुकं मुळातच वेगळी आहेत?

तसंही नाही, आणि हा अर्थ कुणी काढू नये म्हणून मुद्दाम लिहितोय. शरीर चालतं कसं हे सगळीकडे सारखंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या रुग्णांवर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. टाइप १ आणि टाइप २ मधुमेह ओळखून वेगळे करण्यासाठी युरोपीय माहितीवरून बनवलेला स्कोअर आपल्या लोकांतही बऱ्यापैकी चालला. युरोपीयांपेक्षा थोडाच कमी पडला. टाइप १ मधुमेहात प्रतिकारशक्तीच्या मोजक्या जनुकांचा वाटा फार मोठा असतो, त्यामुळे 'शेजारी' चुकण्याचा फटका कमी बसतो.

वेगळ्या लोकसमूहांत शोधल्याचा फायदा सगळ्यांना कसा होतो, याचं उदाहरण म्हणजे पीसीएसके-९ हे जनुक. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांमध्ये ते बंद पाडणारे बदल सापडले. २००६च्या अभ्यासात अशा लोकांचं वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी दिसला. त्यातूनच पुढे कोलेस्टेरॉलची नवी इंजेक्शनं २०१५मध्ये बाजारात आली, आणि ती गोऱ्या-काळ्या सगळ्यांना चालतात.

आपल्या बाजूचं उदाहरण एमवायबीपीसी-३ या जनुकाचं. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या या जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं, हे दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं आणि युरोपात जवळजवळ नाही. २००९मध्ये त्याचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध दाखवला गेला. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं, की यातल्या काही लोकांत त्याच पट्ट्यात दुसराही एक बदल असतो आणि खरा त्रास कदाचित त्याचा आहे. म्हणजे आपल्याच लोकांत शोधलं तरी टपरी आणि घर यांची गल्लत होऊ शकते. त्यामुळे कुणाच्या रिपोर्टमध्ये हा बदल निघाला तर घाबरून जाण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाकडून एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा.

६. रिपोर्टवर 'साउथ एशियन गटाशी तुलना केली' असं छापलंय. मग तर झालं ना काम?

काम थोडं झालं. हा 'साउथ एशियन गट' बहुतेकदा १००० जीनोम प्रकल्पातून, म्हणजे जगभरातल्या लोकांचे जीनोम वाचणाऱ्या प्रकल्पातून, येतो. त्यात २६ लोकसमूहांतली २,५०४ माणसं आहेत आणि दक्षिण आशियाचे समूह पाच: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ आणि ब्रिटनमधले तेलुगू. मराठी भाषकांचा स्वतंत्र गट त्यात नाही. गंमत अशी, की अशोक चौकाकडच्या एखाद्या तेलुगू घराला त्या यादीत निदान दूरचा नातलग सापडेल. नवी पेठेतल्या मराठी माणसाला तोही नाही.

आणि दक्षिण आशिया म्हणजे एक पिशवी नव्हे. २००९च्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं, की आजचे बहुतेक भारतीय दोन जुन्या समूहांच्या वेगवेगळ्या प्रमाणातल्या मिश्रणातून आले आहेत. २०१३च्या अभ्यासानुसार हे मिसळणं साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं. त्यानंतर जातीत लग्न करायची रीत घट्ट होत गेली आणि शेजारी राहणारे लोक जनुकांच्या बाबतीत आपापल्या वाटेने गेले. सोलापुरात एकाच रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे बसतात. शेजारी एखादी बंजारा आजी असते. एका रिक्षाभर माणसांत जेवढं वैविध्य आहे, तेवढं युरोपातल्या काही देशांत मिळून नसेल.

२०२३च्या एका अभ्यासातली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: स्कोअरची अचूकता गटाच्या वेशीवर एकदम पडत नाही. ज्या लोकांवरून वजनं काढली त्यांच्यापासून तुम्ही जितके दूर, तितकी ती हळूहळू घटते, अगदी एकाच 'गटा'च्या आतसुद्धा. म्हणून लॅबने तुम्ही कुठल्या खोक्यात बसता ते सांगण्यापेक्षा, तुम्ही किती अंतरावर आहात ते सांगावं.

७. आम्ही पद्मशाली. गिरण्यांच्या काळात आजोबा-पणजोबा तेलंगणातून इथे आले. आमच्या समाजासाठी वेगळा स्कोअर असायला हवा का?

मधुमेह-हृदयविकारासाठी नको, असं माझं मत आहे. जातीगणिक वेगळा स्कोअर करायला प्रत्येक समाजातले हजारो रुग्ण लागतील, आणि इतके करूनही आडनावावरून माणसाची जनुकं नीट कळत नाहीत. अंतर मोजण्याची पद्धत (प्रश्न ६) जास्त प्रामाणिक आहे. शिवाय 'अमक्या समाजात हा आजार' असा शिक्का एकदा बसला की सोयरीक जुळवताना तो आधी बाहेर निघतो.

दुर्मीळ आजारांची गोष्ट मात्र निराळी. समाज थोड्या पूर्वजांपासून वाढला आणि आतल्या आत लग्नं होत राहिली, तर एखाद्या पूर्वजातला दुर्मीळ बदल शेकडो घरांत पोचतो. २०१७मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांच्या अभ्यासात ८१ समूहांमध्ये हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त दिसला. वैश्य म्हणजे कोमटी समाजाचं उदाहरण भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. त्यांच्यातल्या काहींमध्ये एक एन्झाइम कमी असतं, आणि भूल देताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन दिलं तर ते स्नायू लवकर शुद्धीवर येत नाहीत. असा अनुभव घरात कुणाला आला असेल तर ऑपरेशनआधी तो डॉक्टरांना सांगायचाच. ही माहिती लपवण्यात अब्रू वाचत नाही, जीव जाऊ शकतो.

८. मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. दोघांचे स्कोअर काढले तर मुलांचं कळेल का?

नाही कळणार. इथे स्कोअर हे चुकीचं हत्यार आहे. नात्यातल्या लग्नात भीती असते ती दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला एकच दुर्मीळ बदल असण्याची. मामेभाऊ-आतेबहीण अशा जोडीच्या मुलात जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या निघण्याची शक्यता १/१६, मामा-भाचीच्या लग्नात १/८. बहुतेक मुलं निरोगीच होतात, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वाहक-तपासणी आणि जनुकीय समुपदेशन घ्या. घरात लहानपणीच गेलेली, ऐकू न येणारी किंवा मतिमंद मुलं झाली असतील तर त्यांची यादी घेऊन जा. आजीला विचारा, तिला सगळं आठवतं.

९. जनुकं महत्त्वाची की राहणं-खाणं?

दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली. २०२०च्या एका अभ्यासाने दाखवलं, की एकाच वंशाच्या ब्रिटिश लोकांतसुद्धा वय, लिंग आणि आर्थिक स्थिती बदलली की त्याच स्कोअरची अचूकता बदलते. मग बारा तास यंत्रमागावर उभा राहणारा कामगार, घरी बसून विड्या वळणारी बाई आणि पुण्यात आयटीत बसणारा त्यांचा मुलगा, या तिघांना एकच स्कोअर सारखाच लागू पडेल ही अपेक्षाच चुकीची.

"मी तर काटकुळा, मला शुगर कशी झाली?" हा प्रश्नही इथेच येतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या आणि पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांत चरबी जास्त आणि स्नायू कमी. दिसायला बारीक, आतून चरबी. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. गोऱ्यांसाठी ठरवलेली लठ्ठपणाची रेघ आपल्याला उशिरा इशारा देते, म्हणून आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात. स्कोअरवर जो दोष आहे तोच इथेही आहे: मोजपट्टी परक्या मापाची.

१०. भारतीयांचे जीनोम वाचणारं जीनोम इंडिया झालं ना आता? मग हा प्रश्न सुटला?

मोठं काम झालं, प्रश्न सुटलेला नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२०मध्ये हा प्रकल्प सुरू केला. २० संस्थांनी मिळून ८३ लोकसमूहांतल्या १०,०७४ लोकांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना खुली झाली. त्याआधी सीएसआयआरच्या इंडिजेन प्रकल्पाने हजारेक जीनोम वाचले होते. यामुळे आपल्याकडे कुठलं अक्षर किती नेहमीचं आणि डीएनएत कोण कुणाचा शेजारी (प्रश्न ४), हे नीट कळायला लागलं. स्वस्त चिप डीएनएतली निवडक ठिकाणंच बघते. तिच्या तपासणीतल्या रिकाम्या जागाही आता आपल्याच लोकांवरून भरता येतील.

पण वजनं काढायला आजाराची माहिती लागते, तीही वर्षानुवर्षांची आणि लाखो लोकांची. यूके बायोबँकने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे पाच लाख लोक नोंदवले आणि तेव्हापासून त्यांच्या दवाखान्याच्या नोंदी जोडत राहिले. आपल्याकडे डीएनए वाचण्याइतकंच अवघड काम म्हणजे सिव्हिलमधला केसपेपर, खासगी दवाखान्यातली चिठ्ठी आणि मृत्यूचं कारण एकत्र बांधणं. हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण नोंदवले गेले. असा चिवटपणा हृदयविकार आणि मधुमेहासाठी दाखवला, तर स्कोअर सुधारायला लागणारा कच्चा माल इथेच आहे.

तोवर संशोधक तीन वाटांनी जात आहेत. एक, अनेक लोकसमूहांचे अभ्यास एकत्र घालून वजनं काढायची. पीआरएस-सीएसएक्ससारख्या पद्धती मोठ्या युरोपीय अभ्यासाचं बळ घेतात आणि छोट्या स्थानिक अभ्यासाने ते दुरुस्त करतात. हृदयविकारासाठी २०२३मध्ये असा बहुवंशीय स्कोअर आला, तो जुन्यापेक्षा सगळ्याच गटांत चांगला चालला. दोन, शेजारी सोडून खऱ्या कारणापर्यंत पोचायचं. तीन, आलेला स्कोअर स्थानिक लोकांवर तपासून घ्यायचा: ज्यांना 'शंभरात दहा' सांगितलं त्यांतल्या खरोखर दहांनाच आजार झाला का? हे तिसरं काम कुणालाच रंजक वाटत नाही, पण ते केल्याशिवाय स्कोअर विकू नये असं मला वाटतं. गणित कितीही हुशार असो, ज्या माणसांना कधी मोजलंच नाही त्यांच्याबद्दल ते अंदाजच करणार.

११. वडिलांना पंचेचाळिशीत अटॅक आला होता. माझा स्कोअर कमी आलाय. आता बिनधास्त ना?

अजिबात नाही. कमी स्कोअरने घरातला इतिहास पुसला जात नाही. प्रश्न २मधला एका जनुकाचा कोलेस्टेरॉलचा आजार नेहमीच्या स्कोअरमध्ये पकडला जात नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९०च्या वर असेल तर स्कोअर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा आणि सख्ख्या भावंडांचंही तपासा. लायपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. तिची पातळी बरीचशी जन्मजात असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती येत नाही. तंबाखू, बिडी, मिश्री चालू असेल तर कुठल्याही स्कोअरचं संरक्षण नाही.

१२. आणि जास्त आला असेल तर?

जे सगळ्यांना सांगितलं जातं तेच, फक्त लवकर आणि मनावर घेऊन. बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे) आणि कमरेचा घेर तपासा. घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत ठेवा. २०१६च्या एका मोठ्या अभ्यासात जास्त जनुकीय धोका असलेल्यांपैकी ज्यांचं राहणीमान चांगलं होतं, त्यांना वाईट राहणीमानवाल्यांपेक्षा हृदयविकार ४६ टक्क्यांनी कमी झाला. ते लोक बहुतेक गोरे होते हे खरं, पण सिगारेट सोडल्याचा फायदा कातडी बघून मिळत नाही. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सुरू करायचं का, हे डॉक्टरांनी वय, शुगर, बीपी सगळं मिळून ठरवायचं. स्कोअर त्यात एक मत टाकतो.

१३. दोन कंपन्यांनी दोन वेगळे निकाल दिले. खोटं कोण?

कदाचित कुणीच नाही. एक कंपनी शंभर ठिकाणं बघते, दुसरी दहा लाख. वजनं वेगळी, तुलनेची रांग वेगळी. मधल्या भागातला माणूस त्यामुळे सहज इकडून तिकडे सरकतो. दोन्ही टोकांची माणसं सहसा टोकांलाच राहतात. लॅबला लेखी विचारा: वजनं कुठल्या लोकांवरून काढली, भारतात राहणाऱ्या लोकांवर तपासून पाहिलं का, माझी तुलना कुणाशी केली. "आमचं अल्गोरिदम आहे" असं उत्तर आलं तर पैसे लिपिड प्रोफाइलवर घाला.

१४. आई कन्नड, वडील मराठी, बायको केरळची. आमच्या मुलाला कुठल्या गटात धरणार?

गटात धरूच नये, अंतरावरून काढावं (प्रश्न ६). हे तिन्ही समूह जगाच्या नकाशावर एकमेकांच्या जवळचे आहेत, त्यामुळे मोठी चूक होणार नाही. सून किंवा जावई युरोपीय अथवा आफ्रिकी वंशाचे असतील तर डीएनएचा कुठला तुकडा कुणाकडून आला ते ओळखून तुकड्यागणिक वजन लावण्याच्या पद्धती आहेत, पण त्या अजून संशोधनातच जास्त आहेत.

१५. आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार) करतोय. भ्रूणाचा स्कोअर काढून चांगला निवडता येतो म्हणे?

परदेशात काही कंपन्या हे विकतात. सख्ख्या भावंडांमधला फरक सांगताना स्कोअर आणखी कमजोर पडतो, आणि त्यात प्रश्न ४मधली घट वेगळी. आपल्याकडे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात ज्या विकारांसाठी तपासणीला मुभा आहे, त्यांत गुणसूत्रांचे दोष, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आजार वगैरे येतात. मधुमेहाचा स्कोअर त्या यादीत नाही. घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तपासणीला खरा अर्थ आहे.

१६. विमा कंपनीला हे कळलं तर?

२०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरसकट 'जनुकीय विकार' म्हणून आरोग्यविम्याचा दावा नाकारणं भेदभावाचं ठरवलं, आणि विमा नियामकानेही त्या कारणाने दावे नाकारू नका असं कंपन्यांना कळवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. अमेरिकेत २००८पासून आहे तसा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. आणि त्यांच्या कायद्यातही आयुर्विमा येत नाही. प्रस्तावाच्या फॉर्मवर विचारलेल्या प्रश्नांना खोटी उत्तरं देऊ नका, पण न विचारलेले कागदही स्वतःहून जोडू नका.

१७. आमच्या वसाहतीत संशोधनासाठी रक्त घ्यायला येणार आहेत. द्यावं का? परदेशी किटमध्ये थुंकी पाठवणं वेगळं का?

वेगळं आहे. किट ही खरेदी आहे. एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३मध्ये फुटली आणि २०२५मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. ग्राहकांचा डीएनए हा तिच्या मालमत्तेचा भाग होता.

संशोधनासाठी मी म्हणेन, द्या, पण विचारून द्या. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासींनी १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते त्यांना न सांगता मानसिक आजार आणि स्थलांतराच्या अभ्यासासाठीही वापरलं गेलं. खटला चालला आणि २०१०मध्ये विद्यापीठाने तडजोड करून पैसे दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. म्हणून संमतिपत्र तुम्हाला समजतं त्या भाषेत मागा. विडी घरकुलात मराठी कागदावर तेलुगू आजीचा अंगठा घेणं ही संमती नव्हे. रक्त कशासाठी, किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कुणाला देणार, मधेच माघार घेता येईल का आणि माझ्या आरोग्याचं काही निघालं तर मला कळवणार का, हे विचारा. नैतिक समितीची मंजुरी दाखवायला सांगा. चांगले संशोधक या प्रश्नांनी रागावत नाहीत. सगळ्यांनीच दार लावून घेतलं तर पुढच्या यादीतही आपण नसणार.

१८. तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आहे. पुन्हा टेस्ट करावी लागेल का?

डीएनए बदलत नाही, वजनं बदलतात. लॅबकडून मूळ डेटाची फाइल मागून घ्या. तिच्यावरून नव्या वजनांनी स्कोअर पुन्हा काढता येतो, रक्त पुन्हा द्यायची गरज नाही. मात्र मोजकीच ठिकाणं तपासलेली असतील तर त्या फाइलवर नवा स्कोअर निघणार नाही. रिपोर्टच्या कोपऱ्यात पद्धतीची आवृत्ती आणि तारीख असते का बघा. नसेल तर लॅबकडून लिहून घ्या.